फेलोशिप द्या, पण क्लिप तपासणारा माणूसही द्या: आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
म्हसरूळ, नाशिक.

विषय: आपत्कालीन वैद्यकातील सोनोग्राफीची एक वर्षाची पदव्युत्तर फेलोशिप

स. न. वि. वि.

मी नाशकात रेडिओलॉजिस्ट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून माझ्या व्यवसायबंधूंच्या कपाळाला आठ्या पडणार आहेत. मागणी अशी आहे: इमर्जन्सी मेडिसिनमध्ये (म्हणजे आपत्कालीन वैद्यकात) एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांसाठी सोनोग्राफीची पूर्णवेळ, एक वर्षाची फेलोशिप विद्यापीठानं नाशकात उभी करावी, आणि त्या फेलोंनी काढलेली प्रत्येक क्लिप, म्हणजे स्कॅनचं छोटं चित्रण, तपासायला आम्हा रेडिओलॉजिस्टना बसवावं. यातला दुसरा भाग होणार नसेल तर पहिलाही करू नये, इतक्या स्पष्टपणे मला हे म्हणायचं आहे.

रात्री कसारा घाटातून किंवा चांदवडच्या राहूड घाटातून जखमी आणला जातो तेव्हा मी घरी झोपलेली असते. शहरातले बहुतेक रेडिओलॉजिस्ट तेव्हा घरीच असतात. फोन येतो, उठायचं, गाडी काढायची, पोचायचं. तेवढ्या वेळात बीपी न लागणाऱ्या माणसाचं रक्त आतल्या आत जात राहतं. सीटी शेजारच्या खोलीत असलं तरी अशा पेशंटला तिकडे ढकलायची हिंमत कोणी करत नाही, आणि करूही नये. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्या क्षणी माझा दीड पानी रिपोर्ट नको असतो. पोटात रक्त आहे का? हृदयाभोवती आहे का? छातीत फुप्फुसाबाहेर हवा भरली आहे का? एवढ्याचंच हो किंवा नाही त्याला हवं असतं, आणि तेही सर्जनला ओटीत (ऑपरेशन थिएटरात) बोलवायचं की नाही हे ठरण्याच्या आत. हे उत्तर पेशंटच्या उशाशी उभा असलेला माणूसच देऊ शकतो. जगभरात हे मान्य होऊन बराच काळ लोटला. पोटात आणि हृदयाभोवती रक्त आहे का एवढंच पाहणारी 'फास्ट' या नावाची तपासणी १९९० च्या दशकात रूढ झाली, पुढे तिला छातीची जोड मिळून 'ई-फास्ट' झाली. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली तीच २००९ साली.

ही तपासणी सोपी आहे असं सगळे सांगतात. ती सोपी दिसते, एवढंच खरं.

प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, उजव्या कुशीवर, काखेच्या मधल्या रेषेत, खालच्या बरगड्यांवर ठेवायचा, खूण डोक्याकडे. पडद्यावर यकृत येतं, त्याला लागून मूत्रपिंड, आणि दोघांच्या मध्ये एक पांढरी रेघ. तिथं रक्त साठलं की रेघेच्या जागी काळी पट्टी दिसते. पुस्तकात एवढंच चित्र असतं. प्रत्यक्षात रक्त पुष्कळदा आधी दिसतं ते यकृताच्या खालच्या टोकापाशी, आणि नवशिका तिथवर प्रोब नेतच नाही. मधला भाग स्वच्छ दिसला की 'निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो. डावीकडे हात आणखी मागे आणि आणखी वर न्यावा लागतो, इतका की बोटांची पेरं गादीला टेकली पाहिजेत. तिथं नजर असायला हवी ती प्लीहा आणि श्वासपटल यांच्या मधल्या जागेवर. ओटीपोट पाहायचं ते मूत्राशय भरलेलं असताना. सिस्टरांनी तत्परतेनं कॅथेटर घातला आणि लघवी पिशवीत उतरली की पाहण्याची ती वाट बंद.

एवढं नीट केलं तरी फसायला जागा उरतातच. मूत्रपिंडाभोवतीची चरबी रक्तासारखी दिसते. हृदयापुढची चरबी हृदयाभोवतीचं पाणी वाटते. ढाब्यावर जेवून निघालेल्या ड्रायव्हरचं भरलेलं जठर तर भल्याभल्यांना चकवतं. छातीत फुप्फुस श्वासासरशी सरकताना दिसायला हवं. एम-मोडमध्ये, म्हणजे हालचाल रेघांनी दाखवणाऱ्या पद्धतीत, त्याचं चित्र वर सरळ रेघा आणि खाली वाळूसारखे ठिपके असं येतं. हवा भरली की खालीही नुसत्या सरळ रेघा, म्हणजे 'बारकोड'. पण श्वासनळीत घातलेली ट्यूब जरा जास्त आत जाऊन उजवीकडेच बसली तर डावं फुप्फुस सरकत नाही, आणि जुन्या टीबीनं फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं असेल तरी सरकत नाही. आपल्या भागात जुना टीबी किती जणांच्या छातीत असतो हे मी वेगळं सांगायला नको. बारकोड दिसला की लगेच आयसीडीची (छातीत नळी घालायची) सुरी मागणारा डॉक्टर मला सोनोग्राफी न येणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आणि निगेटिव्ह म्हणजे 'काही नाही' असा अर्थ होत नाही. आतडं फुटलेलं ही तपासणी सहसा पकडत नाही. पोटाच्या मागच्या बाजूला झालेला रक्तस्राव तिला दिसत नाही. साधारण २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त तर तयार नजरेलाही सापडेलच असं नाही. म्हणून थोड्या वेळानं पुन्हा पाहावं लागतं. पुन्हा पाहायची सवय लागते ती शेजारी उभं राहून कोणी टोकलं म्हणून.

असं टोकणारं माणूस आज कुठे आहे? दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये नक्कीच नाही. हॉटेलचा हॉल, चार मशीन, टेबलावर झोपलेले तरणेताठे धडधाकट मॉडेल, आणि पोटात रक्त तर एकाच्याही नाही. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्याचा हा प्रकार. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. तिथून परतलेला डॉक्टर हॉस्पिटलमध्ये उत्साहानं आठवडाभर प्रोब धरतो. मग एकदा चुकतं, सर्जन सगळ्यांदेखत बोलतो, आणि मशीनवर कव्हर चढतं ते चढतंच. या वर्कशॉपना माझा विरोध नाही, ओळख करून द्यायला ती ठीकच आहेत. पण ओळखीला प्रशिक्षण म्हणायची जी रीत पडली आहे, ती विद्यापीठानं उचलू नये.

अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेचा, म्हणजे एसेपचा, दंडक असा आहे की एकेका तपासणीचे २५ ते ५० स्कॅन आणि सगळ्या प्रकारांचे मिळून १५० ते ३०० स्कॅन, तेही कोणीतरी तपासलेले, एवढे झाले की सर्वसाधारण डॉक्टर कामापुरता तयार होतो. हे फेलोशिपच्या आधीचं आहे. तिथं रेसिडेन्सीतच, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणातच, ते उरकतात. फेलोशिप त्याच्या वरची, साधारण वर्षभराची, आणि तिचा हेतू निराळा आहे: जो इतरांना शिकवील, विभागातल्या सगळ्या स्कॅनची गुणवत्ता सांभाळील, मशीन निवडील आणि कोणाला स्वतंत्रपणे प्रोब धरू द्यायचा हे ठरवील, असा माणूस घडवणं. स्कॅन करणारे आणखी चार हात एवढ्यासाठी वर्ष घालवायची गरज नाही, ते काम एमडीच्या तीन वर्षांतच व्हायला हवं. विद्यापीठानं फेलोशिपच्या कागदावर पहिलं वाक्य हेच लिहावं की इथून बाहेर पडणारा शिकवणारा असेल. मग अभ्यासक्रमात काय घालायचं हा प्रश्न बराच सोपा होतो. पोट, छाती, हृदय, पायातल्या शिरांमधली गुठळी, महाधमनीचा फुगा, डोळा, सुईच्या टोकावर नजर ठेवून मध्यवर्ती शीर धरणं, मांडीचं हाड मोडलेल्या आजीबाईंना नर्व्ह ब्लॉक देणं (नसेभोवती औषध देऊन तो भाग बधिर करणं), हे सगळं येणारच. त्याची यादी कोणीही करील.

क्लिप तपासण्याचं मात्र कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती व्यवस्था अशी. फेलो जो स्कॅन करील त्याची क्लिप साठवली जाईल. एकच फ्रेम पकडून ठेवलेली चालणार नाही, प्रोब हलवतानाची सहा-सात सेकंदांची हलती क्लिप हवी. नवशिका चुकतो तो प्रोब कुठे थांबवला आणि कुठे नेलाच नाही यात, आणि थांबलेल्या फ्रेममध्ये ते कळत नाही. क्लिपसोबत त्यानं त्याच वेळी लिहिलेलं उत्तर: आहे, नाही, सांगता येत नाही. हा तिसरा रकाना फार मोलाचा आहे, आणि तो वापरणाऱ्याला कमी लेखू नये. आठवड्यातून दोनदा रेडिओलॉजिस्ट आणि इमर्जन्सीचे शिक्षक एकत्र बसून पेशंटचं नाव झाकून या क्लिप पाहतील. मग सीटीचा रिपोर्ट, किंवा सर्जननं पोट उघडल्यावर लिहिलेली ऑपरेशनची नोंद शेजारी ठेवायची आणि उत्तर पडताळायचं. ज्या स्कॅनची अशी पडताळणी झाली तोच लॉगबुकात मोजायचा. नाहीतर लॉगबुकं परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच पेनानं कशी भरली जातात हे विद्यापीठात कोणाला ठाऊक नाही?

परीक्षाही तशीच व्हावी. बहुपर्यायी प्रश्न हवे तेवढे विचारा, पण शेवटी खाटेवरचा खरा पेशंट, हातात प्रोब, समोर परीक्षक आणि घड्याळ. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले, त्यांत एक रेडिओलॉजिस्ट.

आता पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा. या कायद्याचं नाव निघालं की अशा बहुतेक बैठका संपतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

हा कायदा हवाच. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. कायदा सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच्याखाली रोज काम करणारी मी आहे. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत अहवाल, आणि कागद दोन वर्षं जपून ठेवायचे. फॉर्म एफमधल्या त्रुटी म्हणजे नुसत्या कारकुनी चुका नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली बजावलेलं आहे. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेच्या आतच, तिथं दाखल पेशंटसाठी वापरायचं, फिरत्या वैद्यकीय पथकाची सोय तेवढी वेगळी. हातात मावणारा, मोबाइलला जोडायचा प्रोबही यातून सुटत नाही. तो ऑनलाइन सहज दिसतो म्हणून खिशात टाकून फिरणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे कोणीतरी सांगायला हवं.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर या सगळ्याला घाबरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. एक तरुण बाई, पाळी चुकलेली, पोटात कळ येऊन चक्कर येऊन पडली. गर्भ नळीत राहून नळी फुटली असेल तर पोटात रक्त असणार, आणि ते अर्ध्या मिनिटात दिसेल. पण ती बाई गरोदर आहे. आपल्या नावाची नोंदणी नाही. प्रोब ठेवला आणि उद्या कोणी विचारलं तर? मग तो मला फोन करतो आणि माझी वाट पाहतो. ज्या पेशंटला त्या प्रोबची सर्वांत जास्त गरज, तिच्याच पोटावर तो ठेवायला हात धजत नाही.

एमबीबीएस डॉक्टरांसाठी याच कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण ठरवून दिलं. ते मुख्यतः पोट आणि ओटीपोटाचं आहे. फुप्फुस, हृदय, शॉकमधला पेशंट हा त्याचा विषय नव्हे. सोनोग्राफी करायला कोण पात्र यावरचा वाद तर दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या गुंत्यात फेलोशिप केलेल्या डॉक्टरनं वर्षभर शिकून बाहेर पडावं आणि पहिल्याच नोकरीत त्याला 'तुमची नोंदणी कोणत्या पात्रतेवर करायची?' असं विचारलं जावं, हे विद्यापीठाला शोभणार नाही. पहिली तुकडी घेण्याआधी राज्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडून (या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्यांकडून) या प्रश्नाचं लेखी उत्तर घ्यावं. फोनवर 'हो हो, चालतंय' असं मिळालेलं उत्तर धाडीच्या दिवशी कामाला येत नाही. आणि फॉर्म एफ बिनचूक भरणं हा फेलोशिपच्या पहिल्याच आठवड्याचा धडा असावा, मशीनच्या ट्रॉलीच्या कप्प्यात कोरे फॉर्म ठेवून.

जागेची अडचण मला दिसत नाही. विद्यापीठ म्हसरूळला, त्याची स्वतःची पदव्युत्तर संस्था जिल्हा रुग्णालयाच्या आधारानं उभी, आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत पेशंटची वानवा कधीच नसते. दोन महामार्ग शहरातून जातात, समृद्धी इगतपुरीला खाली उतरते, द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर उलटतात, सप्तशृंगीच्या यात्रेला घाटात गर्दी होते. एक गोष्ट मात्र अट म्हणून घालावी: फेलोनं वर्षातले दोन महिने तरी कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा सुरगाणा, पेठ बाजूला काढावेत. तिथं सीटी हाताशी नाही, आणि नाशिकला पाठवायचं की नाही, पाठवलं तर वाटेत टिकेल का, हे ठरवायचं आहे. सीटीच्या शेजारी उभं राहून केलेली सोनोग्राफी आणि सुरगाण्यात केलेली सोनोग्राफी यांची जबाबदारी सारखी नसते. तिथली क्लिपही नाशकात तपासली जाईल एवढं इंटरनेट आता तालुक्याला पोचलेलं आहे, निदान पाऊस नसताना.

सिंहस्थाचा उल्लेख टाळावा असं मनात होतं. सध्या नाशकात रस्त्यापासून कुंड्यांपर्यंत काहीही सिंहस्थाच्या नावावर मागता येतं, त्यात आणखी माझी भर कशाला? पण पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, आणि २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले हे या शहराला आठवतं. अशा वेळी एकदम पन्नास जखमी आले तर कोणाला आधी ओटीत न्यायचं हे ठरवायला प्रोब मदत करतो. फेलोंची एक तुकडी तोवर तयार झाली तर चांगलंच. पण त्या तारखेसाठी अर्धंकच्चं काही सुरू करू नका, ही विनंती. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, राहूड घाट रोजचा आहे.

विद्यावेतनाचं थोडक्यात सांगते. वरिष्ठ निवासी डॉक्टरला जेवढं मिळतं तेवढं फेलोला मिळायला हवं. नाहीतर घरचं हॉस्पिटल असलेलीच मुलं येतील आणि वर्ष संपलं की तिकडेच जातील. मशीनवर मात्र उधळपट्टी नको. मध्यम किमतीचं, तीन प्रोब असलेलं, क्लिप साठवून पाठवता येईल असं एक मशीन पुरे. चांगली खरेदी झाली आणि माणूस नेमायला पैसे उरले नाहीत, हे आपल्याकडे फार वेळा होतं.

माझ्या रेडिओलॉजिस्ट मित्रमैत्रिणींना दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचणार. आपलं काम हे लोक घेतील ही भीती मी कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत पुष्कळदा ऐकली आहे. रात्री दोनचं 'पोटात रक्त आहे का' हे काम आपण जाऊन करतो तरी कितीदा? आपण पोचेपर्यंत एक तर सर्जननं पोट उघडलेलं असतं, नाहीतर उघडायची गरज उरलेली नसते. इमर्जन्सीचे डॉक्टर प्रोब धरणारच आहेत, आपण परवानगी देवो न देवो. वाईट शिकून धरतील की आपल्याकडून शिकून, एवढंच आपल्या हातात आहे. त्यांच्या चुकांना व्हॉट्सॲप ग्रुपवर हसण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून क्लिप पुन्हा लावणं जास्त उपयोगाचं. आणि पित्ताशयाची भिंत, यकृतातली गाठ, बाळाची वाढ यासाठी पेशंट आपल्याकडेच येतात, येत राहतील.

विद्यापरिषदेनं या विषयासाठी समिती नेमली तर तीत इमर्जन्सी, सर्जरी, रेडिओलॉजी आणि स्त्रीरोग या चारही विषयांची माणसं असावीत, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातलं पीसीपीएनडीटी पाहणारं एक जण पहिल्या बैठकीपासून असावं. शेवटच्या बैठकीला बोलावलं तर तिथून फक्त हरकती येतील. क्लिप तपासायला मी आठवड्यातल्या दोन दुपारी देईन, मानधन नको. क्लिप साठवायला सर्व्हर आणि पडदे ओढले की नीट अंधार होईल अशी एक खोली तेवढी लागेल. सिव्हिलमध्ये सर्व्हर मिळेल असं मला वाटतं. खोलीसाठी कुलगुरूंनाच शब्द टाकावा लागेल.

आपली,
नाशिकमधील एक रेडिओलॉजिस्ट